बोनेटखालचा उजेड : चार्जिंगची लाइट घेताना डब्यावरचे लुमेन नको, आतला सेल पाहा

गोंदिया : रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरला रात्र-दिवस नसतो. बांधीत पाणी साचलं की केजव्हील लावून चिखलणी सुरू होते, ती रात्री दहा-अकरापर्यंत चालते. अशात ट्रॅक्टर बंद पडला तर ड्रायव्हर पहिलं काय करतो? खिशातला मोबाइल काढतो, टॉर्च लावतो, मोबाइल दातात धरतो आणि बोनेटखाली वाकतो. एका हातात पाना, दुसऱ्या हातात डिझेलचा पाइप आणि तोंडात दहा-बारा हजारांचा मोबाइल. बोलायला गेला की मोबाइल खाली. खाली म्हणजे कुठे, तर पंख्यात नाहीतर चिखलात.

हे फक्त ट्रॅक्टरचं नाही. धानाची पोती घेऊन निघालेली पिकअप, लग्नाहून परतणारी कार, सवारीची जीप, सगळ्यांचं तेच. गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुर्दोलीच्या जंगलात गाडी बंद पडली तर ना दुकान ना खांबावरचा दिवा. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडचे कितीतरी रस्ते असेच आहेत. तिथे हाताशी एक बरी लाइट असली तर ढिला झालेला बॅटरीचा चिमटा किंवा निघालेला पाइप पाच मिनिटांत सापडतो. नसली तर सकाळपर्यंत गाडीतच बसावं लागतं.

म्हणून आता गावोगावी चार्जिंगच्या, विनावायरच्या कामाच्या लाइट दिसू लागल्या आहेत. आठवडी बाजारात, मोबाइलच्या दुकानात, ऑनलाइन, सगळीकडे. कोणी दोनशेला देतो, कोणी दोन हजाराला. डब्यावर मात्र दोघांच्याही मोठमोठे आकडे. कोणता खरा, कोणता खोटा, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही असं वाटतं. मार्ग आहे, आणि तो सोपा आहे. थोडा हिशेब करावा लागतो, एवढंच.

आधी शब्दांचा घोळ काढून टाकू. आपल्याकडे टॉर्चलाही बॅटरी म्हणतात आणि गाडीच्या बॅटरीलाही बॅटरीच. या लेखात हातातली ती लाइट, तिच्या पोटात असतो तो सेल, आणि बॅटरी म्हटलं की गाडीची.

वायरवाली लाइट का नको

अनेक गॅरेजमध्ये अजून पिंजऱ्यातला बल्ब लांब वायरला लावून बोनेटला टांगतात. त्याला उजेड भरपूर, संपायची चिंता नाही. पण त्यात घरची २३० व्होल्टची वीज खेळत असते. वायर कुठेतरी पान्याने कापलेली, चिकटपट्टी मारलेली, खाली ओली जमीन आणि हात ग्रीसने माखलेले. शॉक बसायला आणखी काय पाहिजे? शिवाय जुना तारेचा बल्ब तापलेला असतो. त्यावर पाण्याचा किंवा पेट्रोलचा थेंब पडला की काच फुटते आणि आतली लाल तार उघडी पडते. पेट्रोलची वाफ पेटायला तेवढं पुरतं.

दुसरा जुना उपाय म्हणजे गाडीच्याच बॅटरीला चिमटे लावून १२ व्होल्टचा बल्ब पेटवायचा. हा वाईट नाही. स्वस्त आहे, शॉकची भीती नाही. मात्र बॅटरीच उतरली असेल तर लाइटही नाही, आणि निम्म्या वेळा बिघाड बॅटरीचाच असतो. चिमटा लावताना ठिणगीही उडते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीने भडकतो. ज्यांच्याकडे अशी लाइट आहे त्यांनी उणे बाजूचा चिमटा बॅटरीवर न लावता लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावावा आणि तो सगळ्यात शेवटी लावावा.

आणि माचीस? टाकीत डिझेल किती आहे ते पाहायला काडी ओढणारे अजून आहेत. डिझेल पेट्रोलसारखं लगेच पेटत नाही, या भरवशावर ते चालतं. टाकीत आधी पेट्रोलचा कॅन ओतला होता की काय, हे अंधारात कोणाला माहीत असतं.

डब्यावरचा आकडा

लाइटच्या डब्यावर लुमेन लिहिलेलं असतं. लुमेन म्हणजे लाइटमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. वॅट म्हणजे उजेड नव्हे, वॅट म्हणजे लाइट किती वीज खाते ते. घरात लावतो तो ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन देतो. मोबाइलची टॉर्च ४०-५० लुमेनच्या आसपास. बोनेटखाली हात-दोन हातांवरून काम करायला ३०० ते ५०० लुमेन बक्कळ झाले.

आता मुठीत मावणाऱ्या लाइटवर ‘१०,००० लुमेन’ लिहिलेलं दिसलं तर विचार करा. म्हणजे घरचे अकरा बल्ब एकाच वेळी त्या मुठीत पेटायला पाहिजेत. एवढी वीज त्या बोटभर सेलमध्ये येणार कुठून?

खरी गोष्ट सेलमध्ये असते. बहुतेक लाइटमध्ये लिथियमचा गोल सेल असतो, त्याला १८६५० म्हणतात. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून ते नाव. त्याचा दाब ३.७ व्होल्ट. त्यात किती वीज साठते ते ‘एमएएच’मध्ये लिहितात, मोबाइलच्या आणि पॉवर बँकेच्या सेलवर असतं तसंच. साधा चांगला सेल २,००० ते २,६०० एमएएचचा असतो, महागातला ३,५०० च्या आसपास. त्या एवढ्याशा नळीत याहून फारसं मावत नाही. त्यामुळे एका १८६५० सेलवर ‘९,९०० एमएएच’ छापलं असेल तर तो छापणाऱ्याचा उद्योग, आत तेवढं काही नाही.

एलईडीची लाइट साधारण एक वॅटला १०० लुमेन देते. काही चांगल्या थोडं जास्त देतात, पण हिशेबाला शंभर बरे. यावरून एक सोपं गणित निघतं, ते पाठ करून ठेवावं : दर हजार एमएएचला ३०० लुमेनचा उजेड सव्वा तास. म्हणजे २,००० एमएएचचा सेल असेल तर ३०० लुमेन अडीच तास. ४,००० असेल तर पाच तास. उजेड अर्धा केला तर वेळ दुप्पट.

हे गणित दुकानात उभ्या उभ्या करता येतं. समजा डब्यावर लिहिलंय, ‘२,००० लुमेन, ६ तास’, आणि सेल आहे २,००० एमएएचचा. दोन हजार लुमेनला २० वॅट लागतात. सहा तासांचे १२० वॅट-तास झाले. आणि त्या सेलमध्ये आहेत २ गुणिले ३.७, म्हणजे ७.४. सोळा सेल लागतील तेव्हा डब्यावरचं खरं होईल. धानाच्या काट्यावर एक किलो इकडचं तिकडे झालं तर आपण भांडतो, इथे सोळापट खोटं असतं आणि कोणी बोलत नाही.

डब्यावर एमएएच लिहिलेलंच नसेल तर? मग ती लाइट तिथेच ठेवावी. जो लुमेन मोठ्या अक्षरात छापतो आणि सेलचा आकडा लपवतो, त्याला लपवायचं काहीतरी असतं.

लाइट उघडून सेल काढता येत असेल तर किराण्याच्या काट्यावर तोलून पाहा. खरा १८६५० सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. पंचवीस-तीस ग्रॅमचा निघाला तर आत माल कमी आहे. असेही सेल सापडतात की ज्यांच्या मोठ्या नळीत लहान सेल बसवून बाकी भुसा भरलेला असतो.

जवळ आणलेला उजेड

लुमेनच्या मागे लागण्यापेक्षा लाइट जवळ नेणं जास्त कामाचं. उजेड अंतराने फार लवकर पातळ होतो. दोन फुटांवरची लाइट एका फुटावर आणली तर त्या जागी पडणारा उजेड दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून ३०० लुमेनची लाइट नटाच्या शेजारी चिकटली तर ती बोनेटला टांगलेल्या हजार लुमेनच्या लाइटपेक्षा जास्त दाखवते.

इथे चुंबकाचं काम येतं. कामाच्या लाइटला बुडाशी चुंबक, वर हूक आणि मान वळणारी पाहिजे. या तीन गोष्टींशिवाय ती टॉर्चच, भाव काही का असेना. दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत, सगळी खरेदी त्यासाठीच तर चालली आहे.

चुंबक तपासायची रीत अशी : दुकानाच्या लोखंडी शटरला लाइट उभी चिकटवा, मान आडवी करा आणि शटर जोरात थोपटा. घसरत खाली आली तर इंजिन सुरू असताना ती थरथरीने पडणारच. इंजिन सुरू असताना पडलेली लाइट पट्ट्यात किंवा पंख्यात गेली तर लाइटचे शंभर तुकडे होतात आणि एखादा डोळ्यात जातो. आपल्या गाडीचा बोनेट लोखंडाचा आहे का, हेही आधी पाहून घ्यावं. काही नव्या ट्रॅक्टरचे बोनेट आणि गाड्यांचे भाग प्लास्टिक-फायबरचे असतात, तिथे चुंबक काही कामाचा नाही, हूकच लागतो. चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो, तो फडक्याने पुसत जावा. आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी असली लाइट शर्टच्या वरच्या खिशात ठेवू नये.

एक चूक फार जण करतात. चुंबकाची लाइट ठेवायला सपाट जागा म्हणून ती बॅटरीवरच ठेवतात. लाइटचं बूड लोखंडाचं. ते दोन्ही टोकांना टेकलं की झाला शॉर्ट. हातातली अंगठी, कडं, लोखंडी साखळीचं घड्याळ यांचंही तसंच, ते आधी काढून ठेवावं. गळ्यातला दुपट्टाही.

थांबलेला दिसणारा पंखा

आता सर्वात महत्त्वाचं. ही गोष्ट दुकानदार सांगत नाही, कारण त्यालाही बहुधा माहीत नसते.

स्वस्त एलईडी लाइट सलग पेटत नाहीत. त्या सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू होतात. डोळ्याला ते कळत नाही, उजेड सलगच वाटतो. उजेड कमी करायचं बटण दाबलं की तर हे हमखास होतं, कारण उजेड कमी करायची स्वस्त पद्धत तीच आहे. पण अशा लुकलुकत्या उजेडात गरगर फिरणारी वस्तू पाहिली तर घोटाळा होतो. लाइटच्या लुकलुकण्याचा आणि पंख्याच्या फिरण्याचा वेग जुळला तर फिरणारा पंखा थांबलेला दिसतो, कधी उलटा हळूहळू फिरताना दिसतो. गॅरेजमध्ये पेट्रोल गाडीचा टायमिंग जुळवायची लाइट असते, ती याच तत्त्वावर चालते. तिथे हे मुद्दाम करतात. इथे ते न सांगता होतं.

थांबलेला समजून पंख्याकडे किंवा पट्ट्याकडे हात गेला तर बोटं जातात. ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओच्या फिरत्या दांड्याचंही तेच. त्यात दुपट्टा किंवा पँटचा पाय अडकला तर माणूसच ओढला जातो.

लाइट अशी आहे का, हे पाहायला मोबाइल पुरेसा आहे. मोबाइलचा कॅमेरा सुरू करा, लाइट पेटवा आणि कॅमेरा लाइटच्या अगदी जवळ धरा. पडद्यावर काळ्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर लाइट लुकलुकते. पूर्ण उजेडावर पाहा, मग कमी उजेडावर पाहा. पूर्ण उजेडावर पट्ट्या नाहीत आणि कमीवर आहेत, अशा लाइट पुष्कळ निघतात. अशी लाइट घेतली असेल तर फेकायची गरज नाही, पण इंजिन सुरू असताना ती पूर्ण उजेडावरच वापरावी. दोन्हीकडे पट्ट्या दिसल्या तर घेऊच नये.

लाइट चांगली असली तरी फिरत्या भागात हात घालू नये हे आहेच. त्यात कारचा रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो. इंजिन बंद केल्यावरही तो आपोआप सुरू होऊ शकतो. चावी काढून खिशात घातली तरी काही गाड्यांत तो फिरतो, म्हणून तिथे काम असेल तर बॅटरीचा उणे चिमटा काढलेला बरा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नये, हे लाइट घेऊन वाकलेल्या माणसाला उत्साहात आठवत नाही. वाफ सरळ तोंडावर येते.

रंग कळला पाहिजे

बोनेटखाली निम्मं निदान रंगावर असतं. खाली सांडलेलं हिरवं किंवा गुलाबी असेल तर कूलंट, काळं-तपकिरी असेल तर इंजिन ऑइल, फिकट पिवळं आणि पातळ असेल तर ब्रेक ऑइल असण्याचा संभव. वायरी तर लाल, तपकिरी, नारिंगी, जांभळ्या. निळसर पांढऱ्या स्वस्त लाइटखाली लाल आणि तपकिरी वायर सारखीच दिसते आणि मग जोडणी चुकते. फ्यूज उडाला तर बरं, नाहीतर वायरिंग जळते.

डब्यावर ‘सीआरआय’ लिहिलेलं असेल तर ते रंगाच्या खरेपणाचं माप. सूर्यप्रकाश म्हणजे शंभर. ऐंशीच्या वर असेल तर घ्यायला हरकत नाही. लिहिलेलं नसेल तर दुकानातल्या सावलीत लाइट आपल्या तळव्यावर धरा. तळवा मेलेल्यासारखा फिका, निळा दिसला तर लाइट रंगाची कच्ची. दहाची चॉकलेटी नोट आणि दोनशेची नारिंगी-पिवळी नोट शेजारी धरूनही फरक कळतो. नोटा खिशात असतातच. निदान घेण्याआधी तरी असतात.

थोडी पिवळसर लाइट घेण्याचा आपल्या जिल्ह्यात आणखी एक फायदा आहे. खरिपात, त्यातही धान निसवल्यापासून कापणीपर्यंत, रात्री पांढरी लाइट लावली की तुडतुडे, पाखरं, चिलटं अशी झेपावतात की तोंड उघडता येत नाही. पिवळसर उजेडावर ती कमी येतात. तरीही आलीच तर दुसरी एखादी लाइट दहा-पंधरा हातांवर पेटवून ठेवावी, पाखरं तिकडे वळतात. ऑइलचं झाकण किंवा एअर फिल्टर उघडायचा असेल तर मात्र लाइट त्या तोंडाच्या अगदी वर धरू नये. ऑइलमध्ये पाखरं जातात.

उजेडाचा आणखी एक उपयोग सांगायचा तो तिरप्या उजेडाचा. पट्ट्याला पडलेली बारीक चीर, पाइपाची फुटलेली कड, हे समोरून लाइट मारली तर दिसत नाही. लाइट बाजूने, जवळजवळ आडवी धरली की चिरेची सावली पडते आणि ती उठून दिसते. धानाच्या पोत्यांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर बोनेटखाली घुसून वायरी कुरतडतात. त्या कुरतडलेल्या जागाही अशाच सापडतात.

कोणती घ्यावी

बाजारात मुख्यतः चार प्रकार आहेत. पेनासारखी बारीक लाइट, खिशात राहते, सांदीकोपऱ्यात जाते, पण उजेड थोडा. घडीची, चुंबक-हूकवाली, तळहाताएवढी पट्टीची लाइट, ही सर्वांत उपयोगी. डोक्याला बांधायची लाइट, जिकडे नजर तिकडे उजेड. आणि चौथी, बोनेटच्या दोन्ही कडांना हूक लावून आडवी ताणायची लांब दांड्याची, ही गॅरेजवाल्यांसाठी. घरच्या एका ट्रॅक्टरला किंवा कारला एवढ्या लांब लाइटची गरज नाही.

शेतकऱ्याने घडीची चुंबकवाली एक आणि डोक्याची एक अशा दोन साध्या घेतल्या तर त्या एका महागड्या मोठ्या लाइटपेक्षा बऱ्या. एकाच लाइटने काम केलं की आपल्याच डोक्याची किंवा हाताची सावली नटावर पडते. दोन बाजूंनी उजेड आला की सावली मरते. शिवाय डोक्याची लाइट रात्रपाळीच्या लाइटवर मोटर सुरू करायला जाताना, धुऱ्यावरून चालताना, सगळीकडे चालते. पावसाळ्यात गाडीखाली गुडघे टेकण्याआधी पायाजवळ आणि चाकाच्या आडोशाला एकदा उजेड फिरवावा. मण्यार आणि घोणस दोन्ही आपल्या बांध्यांत आहेत.

पाण्याचा विचार करावाच लागतो. डब्यावर ‘आयपी’ आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ५४ म्हणजे थोडी धूळ आणि उडालेलं पाणी सहन करते. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याची धारही चालते. आयपी ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी ठीक. चिखलणीच्या आणि मळणीच्या कामाला निदान ५४ पाहिजे, ६५ मिळाली तर उत्तम. चार्जिंगच्या भोकावर रबरी झाकण आहे का, आणि ते घट्ट बसतं का, एवढं बोटाने पाहिलं तरी बरंच कळतं.

दुकानात लाइट पूर्ण उजेडावर दहा मिनिटं पेटवून ठेवावी, तोवर चहा होतो. हात लावता येणार नाही इतकी तापली किंवा डोळ्यादेखत मंदावली तर ती नको. चार्जिंग मोबाइलच्या टाइप-सी वायरने होणारी घ्यावी, म्हणजे वेगळा चार्जर हरवायची भानगड नाही आणि ट्रॅक्टर-गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर अडॅप्टर लावूनही ती चार्ज होते. चार्ज पूर्ण झाल्याचा दिवा नाही, अशी लाइट टाळावी. जुन्या पद्धतीच्या इमर्जन्सी लाइटमध्ये शिशाचा जड सेल असतो. तो उतरलेला महिनाभर तसाच राहिला तर कायमचा मरतो, आणि आपल्याकडे लाइट हंगामापुरतीच निघते, म्हणून शिशाचा नको.

एलईडी हातदिवे आणि लिथियम सेल यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. मालावर ‘आर’ अक्षर आणि पुढे आठ आकडी नंबर असतो. ‘बीआयएस केअर’ नावाच्या सरकारी ॲपमध्ये हा नंबर टाकला की तो कोणत्या कंपनीचा, कोणत्या वस्तूचा, हे दिसतं. नंबर दुसऱ्याच वस्तूचा निघाला तर लाइट परत काउंटरवर ठेवावी. पक्कं बिल घ्यावं. बिलावर एमएएच आणि वॉरंटी लिहून मागितली की खोटा माल विकणारा आपणच मागे सरतो. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथे निभावलं नाही तर गोंदियाच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याप्रमाणे वस्तू ऑनलाइन कुठूनही मागवली असली तरी तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात चालते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तीनशे रुपयांच्या लाइटसाठी कोणी आयोगात जात नाही हे खरं. पण १९१५ वर फोन करायला पैसे लागत नाहीत.

घेतल्यावर

चार्जिंगची लाइट बिनधोक आहे असं समजू नये. तिचं बटण दाबताना बारीक ठिणगी आत होऊ शकते. पेट्रोल सांडलेलं असेल, गॅसवरच्या गाडीत गॅसचा वास येत असेल तर लाइट लांबूनच पेटवून न्यावी, तिथे बंद-चालू करू नये. आधी वारा खेळू द्यावा. रस्त्यात गाडी बंद पडली असेल तर लाइट बोनेटला लावण्याआधी गाडीचे चारही इंडिकेटर सुरू करावेत. काही लाइटला मागून लाल लुकलुकणारा दिवा असतो, तो मागच्या काचेवर किंवा रस्त्याच्या कडेला ठेवायला फार कामाचा. पांढरी लाइट येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या डोळ्यावर जाणार नाही अशी वळवावी.

मे महिन्यात लाइट गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. बाहेर ४४-४५ अंश असताना बंद गाडीत ६० च्या वर जातं आणि लिथियम सेलला ते चालत नाही. तापलेली लाइट लगेच चार्जिंगलाही लावू नये, थंड होऊ द्यावी. रात्रभर गादीवर, तणसाजवळ किंवा पुंजण्याशेजारी चार्जिंगला लावून झोपू नये. हंगाम संपल्यावर ठेवून द्यायची तर अर्धी चार्ज करून ठेवावी, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहावी. पूर्ण उतरलेली ठेवली तर सेल मरतो, पूर्ण भरून ठेवली तर तो लवकर म्हातारा होतो.

सेल फुगला, लाइटची खाच उघडली, गोडसर-उग्र वास आला, तर वापर तिथेच थांबवावा. टोचू नये, दाबू नये. घराबाहेर कोरड्या वाळूच्या घमेल्यात ठेवावी. उकिरड्यावर किंवा शेकोटीत असला सेल टाकला तर तो फुटतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे खराब सेल परत घेण्याची जबाबदारी माल बाजारात आणणाऱ्या कंपनीवर आहे, म्हणून दुकानदाराला परत घ्यायला सांगावं.

आणि लाइट ठेवायची कुठे, तर पान्यांच्या पेटीत तळाशी नाही. अंधारात ती शोधायला परत मोबाइलच काढावा लागतो. ट्रॅक्टरच्या सीटमागे किंवा कारच्या ड्रायव्हरच्या दरवाजाच्या कप्प्यात ठेवावी, हात घातला की लागेल अशी.